रेषेजवळची

हे सगळं घडलं ते एकोणीसशे चौऱ्याण्णव साली. त्या वर्षी टेनिस केंद्राची सहाही कोर्टं नव्याने हिरवी रंगवली होती आणि दोन महिने झाले तरी रंगाचा वास हटत नव्हता. ऑफिसचं दार लावून बसलं तरी तो घशात उतरायचा. बाई नव्या मुलींचे अर्ज चाळत बसल्या होत्या. खेळत होत्या तेव्हा त्यांना सगळे डावरी म्हणत, आता सगळे मॅडम म्हणतात, आणि मनातल्या मनात स्वतःला हाक मारायची वेळ आली तर त्या अजून डावरीच म्हणायच्या. तर डावरी अर्ज चाळत होती. वय, उंची, आधी कुठे शिकलात, एकेरी की दुहेरी. वरून चौथ्या अर्जापाशी तिचा अंगठा थांबला. तिने अजून वाचलं काहीच नव्हतं. नुसतं अक्षर दिसलं होतं. मान वाकडी करून उभं राहिल्यासारखं, उजवीकडे कललेलं, वेलांटीला उगाच मोठी शेपटी असलेलं अक्षर. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसा एक हिसका तिला खुर्चीत बसल्या बसल्या बसला. अर्जाच्या खाली, सूचनांसाठी सोडलेल्या जागेत लिहिलं होतं, "हिला दुहेरी तूच शिकव. नेटजवळचा खेळ तुझ्याइतका कुणाला कळत नाही." खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती.

तू. पंचवीस वर्षांनी, एका छापील अर्जावर, सरळ तू. जणू काल दुपारी एकाच बाकावर बसून दोघींनी बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या आणि आज सकाळी एकीला दुसरीकडे काहीतरी काम निघालं होतं. डावरीने अर्ज उलटा ठेवला, चहा प्यायली, पुन्हा सुलटा केला. ठेंगूची मुलगी. ठेंगूला ठेंगू म्हणत ते ती डावरीच्या खांद्याला लागायची म्हणून. वर्तमानपत्रवालेसुद्धा तसंच लिहायचे, डावरी-ठेंगू, जसं काही एकाच बाईचं नाव. एक डावखुरी, एक उजवी. डावरी डाव्या बाजूला, ठेंगू उजव्या. दोघींचे जोरकस हात दोन्ही कडांना आणि मधोमध दोघींचे कच्चे हात, त्यामुळे मधून येणाऱ्या प्रत्येक बॉलवर ओरडावं लागायचं. माझा! तुझा! सहा वर्षं त्या दोघी एकमेकींना फक्त या दोन शब्दांत ओळखत होत्या आणि तेवढं पुरत होतं. ठेंगू नेटवर उभी राहून पाठीमागे हात न्यायची आणि बोटांनी खूण करायची, एक बोट म्हणजे जागेवरच थांबणार, दोन म्हणजे आडवी पळणार. सर्व्हिस करण्याआधी डावरी त्या बोटांकडे बघायची. आखूड बोटं, करंगळीचं नख कायम चावलेलं. नवऱ्याचा हात इतका वेळ कुणी बघत नसेल. डावरीने तर लग्नच केलं नाही, तेव्हा तिला तुलना करायलाही जागा नव्हती.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. उंच, सडसडीत, सतरा वर्षांची, आईच्या डोक्यावरून हात फिरवता येईल अशी. बाकीच्या मुलींनी तासाभरात तिचं नाव शिडी ठेवून टाकलं. शिडीला राग आला नाही, उलट ती म्हणाली, "चला, घरी मला दांडी म्हणतात, त्यापेक्षा बरंय." डावरीने तिला सर्व्हिस करायला सांगितली. मुलीने बॉल तीनदा आपटला, मनगटाने नाक पुसलं, आणि मग हात वर नेला. ठेंगूही सर्व्हिसआधी अगदी असंच नाक पुसायची. इतकी वर्षं जे सारखं मनात धरून होती ते तिला वाटत होतं की आता शिळं झालं असेल, कोरडं पडलं असेल. ते तसं नव्हतं. ते चांगलं ताजं होतं.

एकोणसत्तर सालची गोष्ट. बाहेरच्या देशांतल्या स्पर्धांना वर्षभरासाठी एक जोडी पाठवायची होती आणि त्यासाठी निवडीचे सामने होते. तेव्हा असल्या सामन्यांना रेषांवर पंच नसत. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते आपणच सांगायचं. दुहेरीत मग एक नियम होता, अजूनही आहे: जोडीतल्या दोघींचं एकमत नसेल तर बॉल आत धरायचा, पॉइंट समोरच्यांचा. म्हणूनच जुन्या मास्तरांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, रेषेजवळची बोलेल, दुसरी गप्प बसेल. दुसरीला काय दिसलं, काय वाटलं, ते तिने घरी जाऊन आईला सांगावं. सहा वर्षांत हे एकदाही मोडलं नव्हतं. समोरच्यांचा मॅच पॉइंट होता, तेवढा एक मिळाला की त्या जिंकणार. उंच बॉल आला, डावरी उलटी धावली, बॉल तिच्या डाव्या पायाच्या मागे पडला, आणि तिने बोट वर केलं. बाहेर. नेटवरून, चाळीस फुटांवरून, मान वळवून ठेंगू म्हणाली, "नाही हं, आत होता." हं म्हणाली. लहान मुलाला समजावतात तसं. आणि मग टाळ्या. हरलेल्या जोडीला इतक्या टाळ्या डावरीने आधी कधी ऐकल्या नव्हत्या, आणि त्या जोडीला नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी पेपरात ठेंगूचा एकटीचा फोटो होता. महिन्याभरात निवड समितीने तिला दुसऱ्या एका खेळाडूबरोबर बाहेर पाठवलं, कारण असली प्रामाणिक मुलगी देशाबाहेर दिसायला हवी. डावरीची आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय गं, खोटं कशाला बोललीस?" बास, एवढंच. नंतर आई वीस वर्षं जगली, पण डावरीला तिचं आठवतं ते हेच एक वाक्य.

मातीचं कोर्ट असतं तर खूण राहिली असती. हा विचार तिने किती वेळा केला असेल याचा हिशेब नाही. मातीवर बॉल आपली सही करून जातो, वाकून बोट ठेवून दाखवता येतं, बघा. सिमेंट काही धरून ठेवत नाही. त्यानंतर ती नऊ वर्षं खेळली, अकरा जोडीदारांबरोबर. एकेरी खेळायला पाय कमी पडत होते, तिचं सगळं कसब नेटजवळचं, तेव्हा कुणीतरी शेजारी उभं असायलाच हवं होतं. आणि शेजारी उभी राहणारी प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हसत हसत म्हणायची, "रेषा मात्र मी बघेन हं." चेष्टाच असायची. अनोळखी शहरांतल्या, एकसारख्या हॉटेलांतल्या, एकसारख्या बेसिनमध्ये मोजे धुताना डावरी ती चेष्टा पुन्हा पुन्हा ऐकायची. एकदा एका मोठ्या स्पर्धेत ती उपान्त्य फेरीपर्यंत पोचली. तिथे रेषांवर पंच होते, टोप्या घातलेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले. तिला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की ती आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच खेळली. कुणाला काही सांगायचंच नव्हतं. मग गुडघा गेला. मग हे केंद्र, ही शिट्टी, बॉलच्या टोपल्या, दोन पिढ्या मुली. जोड्या लावायचं काम तिचं होतं, आणि लोक म्हणत की त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. कोण कुणाशेजारी उभी राहिली तर दोघी वाढतील, आणि कोण कुणाला खाऊन टाकेल, हे तिला मुली कोर्टवर चालत येतानाच कळायचं.

शिडीशेजारी तिने घुमीला उभं केलं. घुमी दिवसभरात दहा शब्द बोलायची, त्यातले चार "हो मॅडम" असायचे. सांगितलेलं मोडायचं नाही, एवढं तिला येत होतं. जोडी झकास होती, त्यात काही लबाडी नव्हती. डावरी कच्चं काम करणारी नव्हतीच. तिने दोघींना मन लावून शिकवलं, सकाळी सहाला, दुपारी चारला, नेटवर पाय कसे ठेवायचे, पाठीमागची बोटं कशी बघायची, समोरच्या बाईच्या खांद्यावरून बॉल कुठे जाणार ते कसं ओळखायचं. पोरी फुलल्या. आणि हे सगळं चालू असताना तिने एक गोष्ट शिकवली नाही. प्रत्येक जोडीला पहिल्या दिवशी ती जे सांगायची, रेषेजवळची बोलेल, दुसरी गप्प बसेल, ते तिने या दोघींना सांगितलं नाही. त्याऐवजी शिडीला एकटीला गाठून ती म्हणाली, "डोळ्याला दिसलं की तोंडाने बोलायचं. लगेच, मोठ्याने. जोडीदाराकडे बघत बसायचं नाही." शिडी म्हणाली, "आई नेमकं उलटं सांगते मॅडम. ती म्हणते आधी बघ, मग विचार कर, मग बोल. तोवर समोरचे घरी जाऊन जेवतात!" डावरी हसली. खरंच हसू आलं तिला. आणि घुमीला दुसऱ्या दिवशी, टोपलीत बॉल भरता भरता, सहज, "तुला जराही शंका आली ना, तर बॉल आत. हात वर करायचा. कुणी काहीही म्हणो, स्वतःची जोडीदारसुद्धा. खेळाडूची अब्रू त्यात असते." "हो मॅडम," घुमी म्हणाली. दोन्ही वाक्यं कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडली असती. दोन्ही वाक्यं डावरी भर सभेत उभी राहून बोलू शकली असती. ती फक्त एका जोडीत एकत्र ठेवायची नव्हती. स्टोव्हला तेल लागतं आणि काडी लागते, दोन्ही वस्तू घरात असतातच, तसं ते होतं. ती दर आठवड्याला थोडं तेल घालत होती आणि आपल्याला काय होतंय ते बघत होती. तिला छान झोप लागत होती. भूक लागत होती. धाकटी बहीण, जिच्या घरी ती राहायची, एकदा म्हणाली, "ताई, हल्ली रंग उजळलाय तुझा. काय, भानगड काय आहे?" "नवी मुलगी चांगली आलीय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

निवडीचे सामने लागले. शिडी-घुमी चौथ्या फेरीपर्यंत आल्या. ही जिंकली तर दोघी वर्षभरासाठी बाहेर जाणार होत्या, हरली तर घरी. बाहेरच्या अंगाचं कोर्ट, रेषांवर पंच नाहीत, चार कोर्टांवर मिळून एक फिरता पंच. ठेंगू आली होती. डावरीने तिला लांबूनच ओळखलं, सिमेंटच्या पायऱ्यांवर सगळ्यात वरती, अंगाने सुटलेली, गुडघ्याला पट्टा, मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून. अर्ज आल्यापासून ती एकदाही केंद्रात आली नव्हती. डावरीने पायऱ्यांकडे पाठ केली आणि आपली खुर्ची जाळीबाहेर, मागच्या रेषेच्या अगदी सरळ टोकाला मांडली. कोर्टवर सगळ्यात चांगली जागा ती. तिथून रेष रेषेसारखी दिसत नाही, एक पांढरी धार दिसते, आणि धारेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय यात संशयच उरत नाही. शेवटचा सेट, टायब्रेक, समोरच्यांचा मॅच पॉइंट. इतकं तंतोतंत तिने मागितलंही नव्हतं. उंच बॉल आला. शिडी उलटी धावली, लांब पायांनी, मान वर, आणि बॉल तिच्या पायामागे पडला. डावरीने बघितलं. पांढरी धार, मग दोन बोटं हिरवा रंग, मग बॉल. दोन बोटं. चांगली जाड दोन बोटं. "बाहेर!" शिडी ओरडली, लगेच, मोठ्याने, शिकवल्याप्रमाणे. आणि नेटवर घुमीने शिकवल्याप्रमाणे हात वर केला. आत.

"अगं काय करतेस?" शिडी म्हणाली. "माझ्या पायाशी पडलाय तो!"

"मला वाटलं आत," घुमी म्हणाली.

"वाटलं? तुला वाटलं?"

फिरता पंच धावत आला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजवत. "काय झालं? दोघींचं एकमत नाही? मग बॉल आत. चला, हात मिळवा, पुढची मॅच खोळंबलीय." आणि मग त्या टाळ्या. पंचवीस वर्षांनी त्याच टाळ्या, जणू कुणी त्या तेवढ्यासाठी नीट घडी करून ठेवल्या होत्या. घुमीच्या पाठीवर थापा पडल्या. समोरच्या मुलींनी तिला मिठी मारली. शिडीकडे लोक बघत होते, वाईट नजरेने नव्हे, जरा हसून, जसं चोरून खाताना सापडलेल्या पोराकडे बघतात तसं. डावरीच्या हातापायांत ऊब पसरत गेली, कडक चहा प्यायल्यासारखी. तिला पाठीमागे वळून त्या वरच्या पायरीकडे बघायचं होतं. ती घाई करत नव्हती. इतकी वाट पाहिली, आणखी थोडी.

पण शिडी आईकडे गेली नाही. ती सरळ जाळीपाशी आली. दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवून उभी राहिली, नाक मनगटाला पुसलं. "मॅडम," ती म्हणाली. आवाज खाली, रडका नाही. "तुम्ही इथेच होतात. बाहेर होता ना? मला पॉइंट नकोय. नुसतं सांगा. बाहेर होता ना?" डावरीने त्या बोटांकडे बघितलं. लांब होती, आईसारखी आखूड नव्हती, पण करंगळीचं नख चावलेलं होतं. त्या दिवशी, एकोणसत्तर साली, तीसुद्धा मास्तरांकडे गेली होती. मास्तर रॅकेटच्या तारा तपासत होते आणि तपासतच राहिले होते. कुणी एकाने, जगात कुणी एकाने होय म्हटलं असतं तर. डावरीला हे सगळं कळत होतं, काचेतून दिसावं इतकं स्पष्ट. होय म्हणायला काहीच लागत नव्हतं. निकाल बदलणार नव्हता. उलट होय म्हटलं असतं तर मुलीचा जीव शांत झाला असता, आणि नेमकं तेच तिला नको होतं. शांत झालेली मुलगी घेऊन ठेंगू घरी गेली असती.

"मला दिसलं नाही गं," ती म्हणाली. "ऊन डोळ्यांवर होतं."

शिडीने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. ऊन डावरीच्या पाठीमागे होतं. शिडीचे डोळे त्या उन्हाने बारीक झाले. जाळीतून एकेक बोट काढून घेऊन ती आपली पिशवी उचलायला गेली.

ठेंगू डावरीला हात धुवायच्या नळापाशी भेटली. मुलगी कपडे बदलायला गेली होती. ठेंगू नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली, धुण्यासारखं हाताला काही नव्हतं.

"डावरे," ती म्हणाली. या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नव्हतं. "तूच शिकवलंस ना?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस. एकीला बोल म्हणालीस आणि दुसरीला हात वर कर म्हणालीस. रेषेजवळची बोलेल, दुसरी गप्प. मास्तरांनी पहिल्या दिवशी पाठ करून घेतलं होतं आपल्याकडून. ते तू शिकवायला विसरशील?"

"तू नव्हतीस विसरलीस?"

ठेंगूने नळ बंद केला. "मी विसरले नव्हते. मी मोडलं. तुझा बॉल आत होता, डावरे. रेषेला चाटून गेला. मी वळून बघितलं, मला दिसला, आणि मला गप्प बसता आलं नाही. चुकलं असेल माझं. पण आत होता तो." तिने ओले हात पदराला पुसले. "आणि माझ्या पोरीचा बाहेर होता. मी वर बसून बघितला. तू तर नाकासमोर बघितलास. तुला राग काढायचा होता तर माझ्या घरी यायचंस, चार लोकांत माझ्या तोंडावर थुंकायचंस. मी दार उघडलं असतं."

"पंचवीस वर्षं," डावरी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चिरका निघाला. "एक ओळ लिहिली नाहीस."

"काय लिहू? बॉल आत होता म्हणून?" ठेंगू म्हणाली. मग जरा थांबून, "पोरगी पाठवली ना तुझ्याकडे. यापेक्षा मोठी ओळ मला येत नव्हती." आणि पट्ट्याचा पाय ओढत ती गेली.

डावरी नळापाशी उभी राहिली. वाईट वाटायला हवं होतं, हे तिला समजत होतं, आणि ती वाट बघत होती, पण आतून जे वर येत होतं ते वाईट वाटणं नव्हतं. ठेंगूचा चेहरा तिने बघितला होता. धुण्यासारखं काही नसताना ते आखूड हात नळाखाली फिरत राहिले होते, तेही बघितलं होतं. ते तिला हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं, ते काही कुणी परत नेणार नव्हतं. फक्त एक झालं. सवयीने तिने पुन्हा एकदा एकोणसत्तर सालचा तो बॉल डोळ्यांसमोर आणला, हजार वेळा आणला होता तसा, आणि तो आला नाही. आकाश आलं, धावणारे आपले पाय आले, वर केलेलं आपलं बोट आलं. बोट नीट दिसलं, नखासकट. बोटाखाली, जिथे बॉल पडायचा, तिथे नुसतं सिमेंट होतं.

घुमी पुढे पुष्कळ वर्षं खेळली. वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर तिने दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि शांत, सच्ची खेळाडू म्हणून तिचं नाव झालं. आता ती तीन मुलांची आई आहे आणि घरातही फारसं बोलत नाही म्हणतात. शिडी केंद्रात पुन्हा आली नाही. एकेरी खेळायला लागली, पाय लांब होते, बऱ्यापैकी वर गेली. दुहेरी का खेळत नाही असं एका मुलाखतीत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शेजारी कुणी असलं की मला नीट दिसत नाही." सत्ताविसाव्या वर्षी तिने खेळ सोडला आणि एका लहान गावात शाळेत गणित शिकवायला लागली. ठेंगू तिच्याजवळच राहिली आणि तिथेच वारली. ती गेल्याचं डावरीला चार महिन्यांनी कळलं, तेही पेपरात, आणि पेपरात फोटो होता तो एकोणसत्तर सालचाच. फिरता पंच बढती मिळून समितीवर गेला. डावरी साठाव्या वर्षी निवृत्त झाली. शेवटच्या दिवसापर्यंत तिने जोड्या लावल्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक जोडीला पहिल्याच दिवशी रेषेचा नियम घोकून घेतला. तिच्या नावाने एक करंडक आहे, दुहेरीचा. ती अजून बहिणीकडेच राहते, दोघी म्हाताऱ्या मिळून टीव्हीवर मॅच बघतात. आता रेषांवरच्या माणसांचा शब्द शेवटचा नसतो. खेळाडूला शंका आली की यंत्र बॉलचं चित्र पडद्यावर आणतं, कुठे पडला ते केसाइतकं नेमकं दाखवतं, आणि ते चित्र येईपर्यंत सगळं मैदान एका तालात टाळ्या वाजवतं. टाळ्या सुरू झाल्या की डावरी गुडघ्यावर हात ठेवून उठते. गॅस बंद केलाय का बघून येते म्हणते. "ताई, बंद आहे गं, मीच केलाय," बहीण दर वेळी सांगते. ती तरी जाते, आणि बाहेर पुढचा पॉइंट सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत बंद गॅससमोर उभी राहते.